रिकाम्या पेटीत सातेरी कशी येते?

मधमाश्यांविषयी आलेल्या पत्रांना मी या सदरातून उत्तरं देते. सिंहगडाच्या पायथ्याला डोणज्यात माझ्या सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, पेट्या आहेत आणि इथं सांगते ते बहुतेक त्या पेट्यांजवळ बसून पाहिलेलं असतं. दिवाळी झाल्यापासून येणाऱ्या पत्रांत एकाच गोष्टीची चौकशी आहे, माश्यांचा थवा आपण होऊन पेटीत यावा म्हणून ऑनलाइन मिळणाऱ्या वासाच्या, म्हणजे फेरोमोनच्या, कुपीची. म्हणून या वेळी सगळी जागा त्याच विषयाला दिली आहे.

प्रश्न: काकू, मी कोथरूडला राहतो. पौडजवळ आमचं थोडं शेत आहे, तिथं शनिवार-रविवारी जातो. यंदा मधपेटी घेतली, ऑनलाइन फेरोमोनची कुपी मागवून पेटीत टांगली आणि पेटी पंपाच्या खोलीवर, पत्र्यावर ठेवली. दसऱ्यापासून एक माशी आलेली नाही. ही फसवणूक आहे का?

उत्तर: फसवणूक म्हणणार नाही. पण ही कुपी बनवली आहे दुसऱ्याच माशीसाठी, आणि पेटी तुम्ही अशा जागी ठेवली आहे की तिथं कुठलीच माशी संसार थाटणार नाही. दोन्ही गोष्टी सुधारता येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कामकरी माशीच्या पोटाच्या टोकाजवळ, पाठीच्या बाजूला एक ग्रंथी असते. नासोनोव या रशियन प्राणिशास्त्रज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. माशी पोटाचं टोक वर उचलते, ग्रंथी उघडी करते आणि जागेवर उभी राहून पंख फडकवते. त्या वाऱ्यावर वास पसरतो आणि बाकीच्या माश्या त्याच्या रोखाने येतात. थवा नव्या ढोलीत शिरत असतो तेव्हा दारावर अशा पाचपंचवीस माश्या ओळीने उभ्या दिसतात. युरोपियन माशीच्या या वासात सात घटक आहेत: जिरॅनिऑल, नेरॉल, दोन रूपांतलं सिट्राल, फार्नेसॉल, जिरॅनिक आम्ल आणि नेरॉलिक आम्ल. तुमच्या कुपीत यांतलेच काही असणार. बहुतेक कुप्यांमधून ते प्लॅस्टिकमधूनच हळूहळू झिरपतात, तेव्हा सोबतचा कागद वाचल्याशिवाय टोक कापू नका. कापलं तर वास आठवड्याभरात उडून जातो.

युरोपियन माशीवर या वासाचा उपयोग होतो, यात शंका नाही. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसॉनच्या सरकारी प्रयोगशाळेत जस्टिन श्मिट यांनी लगद्याच्या मोठ्या कुंड्या आणि हा वास यांची जोडी जमवून थव्यांचे सापळे तयार केले. मेक्सिकोतून वर सरकणाऱ्या आफ्रिकी संकरित माश्यांवर नजर ठेवायला टेक्सासच्या सीमेवर वासाचे सापळे टांगले होते. ऑक्टोबर १९९० मध्ये हिडाल्गोजवळ त्या माश्यांचा पहिला थवा अशाच सापळ्यात सापडला.

पण ती माशी एपिस मेलिफेरा. मुळशीच्या रानात झाडाच्या ढोलीत, जुन्या वाड्याच्या भिंतीत राहते ती आपली सातेरी, एपिस सेराना. जातच वेगळी आहे. मेलिफेरा भारतात रुजली ती १९६० च्या दशकात, हिमाचल-पंजाबकडे. आपल्याकडे ती पेट्या ट्रकमध्ये घालून फिरणाऱ्या मधपाळांबरोबर येते आणि फुलोरा संपला की जाते. पौडच्या रानात तिचे मोकळे थवे घर शोधत फिरत नाहीत. म्हणजे त्या वासाची खरी गिऱ्हाईकच तिथं नाही.

जपानमधलं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. तिथली देशी माशी आपल्या सातेरीचीच पोटजात आहे. सिंबिडियम जातीचं एक ऑर्किड फुललं की त्या माशीचे थवेच्या थवे फुलांवर येऊन लटकतात. युरोपियन माशी त्या फुलाकडे ढुंकून बघत नाही. तिथले मधपाळ फुललेली कुंडी रिकाम्या पेटीशेजारी ठेवतात. त्या फुलातलं आकर्षण कशाचं आहे, हे सुगाहारा आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलं. दोन आम्लांचं ते मिश्रण आहे, आणि त्यांतलं एक माश्यांच्या रॉयल जेलीतही असतं. सातेरीच्या नात्यातली माशी कशाला भुलते, याचा हा स्पष्ट पुरावा आहे, आणि तुमच्या कुपीत ते दोन्ही पदार्थ बहुधा नाहीत. पुढच्या वेळी विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: हे मेलिफेरासाठी आहे की सेरानासाठी? त्याला सांगता आलं नाही तर पैसे ठेवून घ्या.

आता पेटीबद्दल. वासाचं काम शोधक माशीला, म्हणजे थव्यासाठी घर बघायला निघालेल्या माशीला, दारापर्यंत आणण्याचं. आत राहायचं की नाही, हे ती घर बघून ठरवते. जर्मनीत म्युनिकला १९४९ साली मार्टिन लिंडाउअर यांना एका लटकलेल्या थव्यावर काही मळक्या माश्या नाचताना दिसल्या. कुणाच्या अंगाला काजळी, कुणाच्या विटांची भुकटी. फुलावरून आलेल्या माशीच्या अंगावर पराग असतो, काजळी नसते. या माश्या धुराड्यांत आणि पडक्या भिंतींत घरं शोधून आल्या होत्या आणि नाचून इतरांना पत्ता सांगत होत्या. पुढे अमेरिकी संशोधक थॉमस सीली यांनी मोजून दाखवलं की शोधक माशी पोकळीत शिरून भिंतींवर चालत फिरते आणि जागा किती मोठी आहे याचा अंदाज घेते. मेलिफेराला चाळीस लिटरच्या आसपासची पोकळी पसंत पडते. सातेरीची वसाहत लहान, तिला दहा-पंधरा लिटर पुरतात. इंग्रजी व्हिडिओ बघून मोठं खोकं बनवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

पत्र्यावरची पेटी दुपारी तापते. तापलेल्या पेटीत मेण मऊ होतं, पोळं ढासळतं. अशा जागी शोधक माशी आली तरी परत जाते. पेटी झाडाखाली घ्या. आंबा, जांभूळ, करंज, कुठलंही दाट सावलीचं झाड चालेल. जमिनीपासून पुरुषभर किंवा त्याहून उंच, पक्क्या खोबणीत बसवा, म्हणजे वाऱ्याने हलणार नाही. दार पूर्वेला किंवा आग्नेयेला, सकाळचं ऊन दारावर पडेल असं. फटी शेण-मातीने बुजवा, आत अंधार हवा. दार बोटाएवढं पुरे. आतून रंग किंवा व्हार्निश लावलं असेल तर ती पेटी या हंगामात विसरा. नव्या लाकडाचा वास जायला एक पावसाळा जावा लागतो. ज्या पेटीत पूर्वी सातेरी नांदली आहे, ती सगळ्यांत चांगली.

आणि कुपीपेक्षा ज्यावर माझा भरवसा आहे ते सांगते: सातेरीचं मेण. मुळशीकडे मध काढणारे कातकरी बांधव आहेत. त्यांच्याकडून रीतसर किंमत देऊन मूठभर मेण घ्या. पातेल्यात पाणी ठेवून त्यावर वाटीत ते वितळवा, फ्रेमच्या, म्हणजे पोळं बांधायच्या लाकडी चौकटीच्या, वरच्या पट्टीला आणि पेटीच्या आतल्या भिंतींना ब्रशने फासा, दाराच्या उंबऱ्यालाही थोडं लावा. जुन्या पोळ्याचा सुका तुकडा मिळाला तर उत्तम, पण तो निरोगी वसाहतीचाच हवा. मेलेल्या वसाहतीचं पोळं कधीही वापरू नका. थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतातल्या सातेरीची वाताहत केली, आणि आजारी पोळं इकडचं तिकडे नेणं हा असा रोग पसरवण्याचा सोपा मार्ग आहे. तुकड्यात मध असू नये, नाहीतर घर बघणाऱ्या माश्यांऐवजी लुटारू माश्या आणि मुंग्या येतील. परदेशी पुस्तकांत पेटीला प्रोपोलिस, म्हणजे माश्या झाडांवरून गोळा करतात तो चिकट डिंक, फासायला सांगतात, ते सोडून द्या. सातेरी प्रोपोलिस गोळा करतच नाही.

आपल्या भागात थवे निघतात ते मुख्यतः पाऊस सरल्यावर, थंडीच्या तोंडाला, आणि पुन्हा माघ-फाल्गुनात फुलोरा वाढला की. दसऱ्यापासून पेटी लावलीत हे योग्यच केलंत, जागा तेवढी बदला. मग शनिवारी गेलात की पेटीसमोर अर्धा तास शांत बसा. दाराशी चार-सहा माश्या घुटमळताना, आत शिरून बाहेर येताना, पेटीभोवती फिरून फटी हुंगताना दिसल्या आणि त्यांच्या पायांवर परागाच्या गोळ्या नसल्या, तर त्या घर बघायला आलेल्या आहेत. त्यानंतर पेटीला हात लावू नका, झाकण उघडून बघू नका. अशा माश्यांची संख्या वाढत गेली की दुपारी उन्हाच्या वेळी थवा येतो. पायांवर पिवळे-केशरी पराग घेऊन माश्या आत जायला लागल्या की समजा, राणीने अंडी घालायला सुरुवात केली आहे.

प्रश्न: ताई, आमच्या औंधच्या सोसायटीत सोनचाफ्यावर सकाळपासून माश्यांचा घोस लटकलाय. सेक्रेटरींनी पेस्ट कंट्रोलवाल्याला संध्याकाळी बोलावलं आहे. मी तो पेटीत घेऊ शकेन का? फेरोमोन लावून बोलावता येईल का?

उत्तर: हे पत्र ई-मेलने आलं, म्हणून त्याच दुपारी फोनवर उत्तर दिलं. इतरांच्या उपयोगासाठी इथं पुन्हा लिहिते.

पहिल्यांदा पेस्ट कंट्रोल थांबवा. झाडावर लटकलेला थवा म्हणजे घर बदलायला निघालेलं कुटुंब. त्यांच्याकडे राखायला पोळं नाही, पिल्लं नाहीत, निघताना पोट भरून मध घेतलेला आहे, त्यामुळे त्या सहसा चावत नाहीत. शोधक माश्यांचं एकमत झालं की थवा उठून जातो, कधी काही तासांत, कधी दोन-तीन दिवसांत. झाडाखाली दोरी बांधा आणि मुलांना लांब ठेवा. फवारणीने हजारो माश्या मरतात आणि ज्या वाचतात त्या चवताळतात.

दुसरं, माशी ओळखा. हे लांबूनच करायचं. मोठी, लांब पोटाची माशी आणि मोठ्ठा काळसर घोस असेल तर ती आग्या. पुण्यातल्या उंच इमारतींच्या सज्ज्यांखाली आणि पाण्याच्या टाक्यांखाली हीच पोळी करते. आग्या उघड्यावर एकच मोठं पोळं बांधते, पेटीत ती राहत नाही, आणि तिला हात लावणं जिवावर बेतू शकतं. लांबच्या प्रवासात ती झाडांवर मुक्काम करते आणि पुढे जाते, तिला जाऊ द्या. अगदी चिमुकल्या माश्या आणि फांदीभोवती तळहाताएवढं पोळं असेल तर ती फुलोरी. तीही पेटीत राहत नाही, आणि त्रासही देत नाही. मधल्या चणीच्या, पोटावर पट्टे असलेल्या माश्या, नारळाएवढा किंवा थोडा मोठा घोस, आत पोळं नाही, तर ती सातेरी. हा थवा घेता येतो.

लटकलेल्या थव्याला वासाची गरज नसते. माश्या राणीभोवती आधीच गोळा झालेल्या असतात. जाळीचा बुरखा, फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे आणि अनुभवी माणूस सोबत हवा. दिवस कलताना आतून मेण फासलेली टोपली किंवा पेटी घोसाच्या वर, अगदी टेकवून धरा आणि खालून धुराची एखादी हलकी झुळूक द्या. माश्या अंधाराकडे, वरच्या दिशेने चढतात. घाई केली तर सगळं विस्कटतं. राणी आत गेली की नाही, हे माश्याच सांगतात. पेटीच्या दारावर पोट वर करून पंख फडकवणाऱ्या माश्या दिसल्या आणि बाहेरच्या आत ओढल्या गेल्या, तर राणी आत आहे. सगळ्या पुन्हा फांदीवर जाऊ लागल्या तर राणी अजून तिकडेच आहे.

माशी चावलीच तर नांगी नखाने लगेच खरवडून काढा आणि त्या जागी थोडा धूर द्या. नांगीतून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो. तो धोक्याचा इशारा असतो आणि तो हुंगून दुसऱ्या माश्या त्याच जागी येतात. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली तर वेळ न घालवता दवाखाना गाठा.

प्रश्न: कुपीऐवजी कुंडीतला गवती चहा पेटीत ठेवला तर चालेल का?

उत्तर: पानांचा उपयोग नाही, ती दोन दिवसांत वाळतात. तेल मिळतं ते घ्या. गवती चहाच्या तेलात मुख्य घटक सिट्रालच असतो, नासोनोव वासातला एक महत्त्वाचा भाग. कापसाच्या बोळ्यावर दोन-तीन थेंब, बोळा छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला सुईने एक भोक, आणि ती पेटीच्या मागच्या भिंतीला. दहा-बारा दिवसांनी नवा बोळा. जास्त ओतलं तर माश्या पेटी टाळतात. रविवार पेठेत सुगंधी द्रव्यांच्या दुकानात घेताना बाटली नीट बघा, कारण पुष्कळदा गवती चहा म्हणून सिट्रोनेला हातात पडतं. ते डास पळवायला वापरतात. सातेरीसाठी मी तेल मेणाच्या जोडीला वापरते, मेणाच्या जागी नाही.

प्रश्न: भोरजवळ थवा पकडून पेटीत घातला, चौथ्या दिवशी पेटी रिकामी. राणीच्या वासाची कृत्रिम पट्टी मिळते असं ऐकलं. ती लावली तर माश्या थांबतील का?

उत्तर: पट्टीत राणीच्या जबड्याजवळच्या ग्रंथीतल्या स्रावाची नक्कल असते. त्या वासाने कामकरी माश्या शांत राहतात, राणी आहे असं त्यांना वाटतं, आणि आकाशात नर राणीच्या मागे लागतात तेही त्यातल्याच मुख्य पदार्थामुळे. पण पट्टी अंडी घालत नाही. राणीवाचूनची वसाहत पट्टीवर काही आठवडे धरून ठेवली तरी ती म्हातारी होऊन संपते. थव्यात राणी असेल तर पट्टीची गरज नाही, आणि नसेल तर पट्टीने काही साधत नाही.

सातेरी बिनसली की घर सोडते, हा तिचा स्वभाव आहे. तिला बांधून ठेवायला एकच गोष्ट हमखास उपयोगी पडते, ती म्हणजे पिल्लं. दुसऱ्या निरोगी पेटीतली अंडी-अळ्या असलेली एक फ्रेम नव्या पेटीत मधोमध द्या. अळ्या टाकून माश्या सहज निघत नाहीत. पहिल्या संध्याकाळपासून साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाक थोडा थोडा, अंधार पडल्यावरच आणि पेटीच्या आतच ठेवा. दिवसा ठेवला तर शेजारच्या माश्या लुटायला येतात. पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत हवेत, कारण पुष्कळशा सातेरी मुंग्यांना कंटाळून जातात. फ्रेमवर मेण खाणाऱ्या अळीचं जाळं दिसलं तर ती फ्रेम लगेच काढा.

दारावर राणी अडवणारी जाळी लावायला सगळे सांगतात, आणि मीही लावते, पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मूळ वसाहतीतून निघालेल्या पहिल्या थव्याबरोबर जुनी, फळलेली राणी असते. तिला चार-पाच दिवस अडवलं तर बिघडत नाही. त्याच वसाहतीतून मागून निघणाऱ्या लहान थव्यांत कोवळी राणी असते. तिला मीलनासाठी उडावंच लागतं. जाळी तशीच राहिली तर तिचं मीलन कधीच होत नाही आणि पुढे तिच्या अंड्यांतून फक्त नरच निघतात. थवा लहान असेल आणि चार-पाच दिवसांत अंडी दिसली नाहीत, तर जाळी काढा.

शिकायचं मनावर घेतलं असेल तर गणेशखिंड रस्त्यावरच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत चौकशी करा. ही संस्था १९६२ पासून पुण्यात आहे. फ्रेम हातात धरून अंडी ओळखायला शिकल्याशिवाय थवा पकडायला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न: ताई, रामराम. पुरंदर तालुक्यात डाळिंबाची बाग आहे. माश्या दिसेनाशा झाल्यात. फुलांवर फेरोमोन फवारलं तर माश्या येतील काय?

उत्तर: रामराम. वासाने माश्या काही वेळ झाडावर येतील, पण ज्या माश्या परिसरात नाहीतच त्या कुठून येणार? आधी फुलोऱ्यात कीटकनाशकाची फवारणी बंद करा. अगदीच टळत नसेल तर माश्या घरी परतल्यावर, अंधारात करा. बांधावर शेवगा, करंज, तुळस आणि कोपऱ्यात थोडी कोथिंबीर, मोहरी फुलू द्या, म्हणजे डाळिंबाला फूल नसेल त्या महिन्यांतही त्यांना खायला राहील. पाण्याचं उथळ भांडं खडे घालून ठेवा. विहिरीच्या कडेला, जुन्या झाडात सातेरीचं मोहोळ असेल तर ते मधासाठी तोडू देऊ नका. त्याच मोहोळातून थंडीत थवा निघेल. तुमच्या बांधावर मेण फासलेली पेटी तेव्हा तयार ठेवा, आणि कुठं बसवली ते पुढच्या पत्रात कळवा, म्हणजे जागा पाहून नेमकं सांगता येईल.